न वाजणारा पाय

माझा डावा पाय वाजायचा. पाय माझा आणि आवाज लोखंडाचा, पण सूतगिरणीच्या कॉलनीत एवढा बारीक फरक कुणी करत नसे. मी नळावर निघाले की शेजारची काकू आतूनच म्हणायची, "आली बघा." तिला खिडकीत यायची गरज पडत नसे. आधी घोट्याशी कुरकुर, मग गुडघ्याशी टक्. शाळेत एका पोरानं मला आगीनगाडी म्हटलं होतं. त्याला मी त्याच बुटानं नडगीवर एक लगावली, मग वर्गात तो विषय निघाला नाही.

चालायला लागले त्याच वर्षी मला पोलिओ झाला. ताप आला, उतरला, आणि उतरताना पाय घेऊन गेला, असं आई सांगायची. आम्ही तेव्हा लोहाऱ्याजवळच्या खेड्यात होतो. बहात्तरच्या दुष्काळात बाबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. तिथं रोडरोलरच्या मिस्त्रीच्या हाताखाली लागले, आणि लोखंडाशी त्यांचं जमलं ते जमलंच. पुढं उस्मानाबादच्या बाजूला सहकारी सूतगिरणी उभी राहिली, तेव्हा तिच्या वर्कशॉपमध्ये त्यांना लोखंड कातायच्या लेथवर नोकरी मिळाली. आमच्या घरातला तो पहिला पगार. शेतमजुराचा टर्नर झाला म्हणून आत्या गावभर सांगत फिरली होती.

माझं कॅलिपर सोलापूरहून आणलं होतं. बुटापासून मांडीपर्यंत दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, मध्ये चामड्याचे पट्टे, घोट्याशी एक सांधा आणि गुडघ्याशी एक. चालताना गुडघ्यावरची कडी खाली सारायची म्हणजे पाय ताठ राहतो, बसताना ती वर उचलायची म्हणजे गुडघा दुमडतो. लोखंडावर लोखंड घासून सांध्यातली भोकं लांबट झाली होती आणि आतली पिन प्रत्येक पावलाला हलायची. बाबा रविवारी त्यात एरंडेल सोडायचे. दोन दिवस बरं चालायचं. मग त्या तेलात कॉलनीतली धूळ आणि गिरणीतला कापूस जाऊन बसायचा आणि आवाज आणखी जाड व्हायचा. माझ्या एकूण एक परकरांना गुडघ्याशी काळा डाग होता. आई तो डाग घासताना माझ्यावर चिडायची. जणू मीच तेल गाळत होते.

बाबांना मात्र तो आवाज प्रिय होता, निदान मी तसं समजत होते. वर्कशॉपच्या खिडकीखालून मी कॉलेजला निघाले की लेथ चालू असतानाही त्यांना कळायचं. मान वर न करता ते हात हलवायचे. सूत कातणाऱ्या रिंगफ्रेमच्या खणखणाटात जाऊन जाऊन त्यांना कमी ऐकू येत होतं. घरात आई तीनदा हाक मारायची. माझा पाय तेवढा त्यांना पहिल्यांदाच ऐकू जायचा, आणि याचा मला फार अभिमान होता.

मी डी. एड.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा पुन्हा पावसानं ओढ दिली. कापूस करपला, गिरणी कशीबशी एका पाळीत चालायची, कॉलनीत टँकर यायचा तेव्हा यायचा. फिरत्या शाफ्टभोवती नळीसारखे बसणारे गनमेटलचे बुश मागवणं गिरणीला परवडेना, म्हणून साहेबांनी नायलॉनचे दांडे आणवले. पांढरे, मुळ्यासारखे. यंत्रातले छोटे बुश आणि चाकं त्यातून कापून बघा, असा हुकूम झाला. बाबा त्या दांड्यांच्या प्रेमातच पडले. घरी जेवताना दुसरा विषय नाही. लोखंडाचा कीस उडतो, याची म्हणे लांबच लांब तार निघते, शेवयांसारखी. टूल बोथट असलं की ते कापलं जात नाही, वितळतं. अन् एकदा बसवलं की झालं.

"ह्ये तेल मागत न्हाय," ते म्हणाले. "कोरडं फिरतंय अन् झिजत न्हाय."

"मग तुमची बहीन त्याचीच घडवायची व्हती," आई म्हणाली. आत्याचं आणि आईचं कधी पटलं नाही.

साहेबांनी सांगितलं होतं की याच्याहून गुळगुळीत टेफ्लॉन नावाची वस्तू असते, तव्याला लावतात ती. बाबांनी कुठूनतरी त्याचा एक तुकडा मिळवून घासून, दाबून पाहिला होता. भार आला की चेपून बसतं, म्हणाले, आणि झिजतंही लवकर. नुसतं गुळगुळीत असून काय करायचं, टिकायला नको? नायलॉनमध्ये त्यांना एकच खोड सापडली. ते पाणी पितं. धागा तुटू नये म्हणून गिरणीत एका खात्यात दमट हवा सोडत. तिथं गनमेटलच्या मापानं बसवलेले नायलॉनचे बुश फुगले आणि शाफ्ट धरून बसले. तेव्हापासून बाबांनी आपली रीत ठरवली. आधी ढोबळ कापायचं, मग पाण्यात उकळायचं, पोटभर पिऊ द्यायचं, आणि त्यानंतर शेवटचा हात मारायचा.

एका संध्याकाळी ते घरी आले आणि मला म्हणाले, "कॅलिपर काढ." पिना काढल्या, भोकं मोजली. दुसऱ्या दिवशी दांड्याचे उरलेले तुकडे साहेबांना विचारून घेऊन आले, ढोबळ कापलेले, बोराएवढे. आईपुढं पातेलं ठेवलं.

"मानसांना प्यायला न्हाय अन् ह्यांना पाजायचंय," आई म्हणाली. टँकर येऊन गेल्याला तीन दिवस झाले होते. पण तिनं घागर वाकवली. चुलीवर ते पांढरे तुकडे दुपारभर रटरटत होते आणि आई मधूनमधून डाळ शिजली का बघावं तसं झाकण उचलून बघत होती. थंड झाल्यावर त्याच पाण्यात तिनं भांडी विसळली.

नवे बुश बसले. प्रत्येकाला बाबांनी एक पातळ कॉलर ठेवली होती, म्हणजे पट्टीला पट्टीही घासू नये. कडीला आतून अस्तर केलं. मी कॅलिपर चढवून उभी राहिले, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि थांबले. मला वाटलं, मी चाललेच नाही. आवाज नव्हता. मी कॉलनीला पूर्ण फेरी मारली. शेजारची काकू पाठमोरी गहू निवडत होती, मी मागं जाऊन उभी राहिले तर दचकून तिनं सूप सांडलं. मी हसत सुटले. गुडघ्याला बसणारा हिसका गेला होता. संध्याकाळी मांडी ठणकायची ती ठणकली नाही. भेटेल त्याला मी सांगत होते की माझ्या बाबांनी माझ्यासाठी केलं. मैत्रिणींना परकर वर करून दाखवलं. मी इतकी खूश आधी कधी झाले नव्हते, आणि खरं सांगायचं तर नंतरही क्वचितच.

त्या दिवसापासून बाबा पाळी संपवून आले की मला अंगणात चालवायला लागले. स्वतः डब्यावर बसायचे, डोळे मिटून ऐकायचे, मग उघडून बघायचे.

"हळू. अजून रुळायचंय ते. खांदा टाकू नगंस. पाऊल बारकं घे."

नवी यंत्रं रुळवतात हे मला माहीत होतं. गिरणीत नवीन बुश आधी भाराशिवाय फिरवतात, हेही त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून मी खांदा न टाकता, बारीक पावलं घेत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची आणि यायची. खांद्याचा आणि नायलॉनचा संबंध काय, हे काही मला सुचलं नाही. बापाबरोबर रोजची संध्याकाळ मिळत होती, त्यात प्रश्न कोण विचारतं.

मग भूमकडचं स्थळ आलं. आत्याच्या मालकांनी, म्हणजे आमच्या मामांनी, आणलेलं. मुलगा तिकडच्या सहकारी दूध संस्थेत दूध तपासायला होता, दुधात पाणी किती हे बघायचं त्याचं काम. आपल्याच समाजातले, शिकलेले. आमच्याकडं पत्रिका बघणं आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला तेव्हाच बंद केलं होतं. त्यामुळं मुलगी बघायला आलेले लोक मुलीलाच नीट बघून घेत.

मुलगा, त्याची आई आणि आमचे मामा असे तिघं आले. भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढं मेणबत्ती लावली, सगळ्यांनी हात जोडून वंदना म्हटली, पंचशील म्हटलं. बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा. मी आत पोहे वाढत होते. आईनं माझी साडी पार बुटावर लोळेल अशी नेसवली होती.

मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा एक गोष्ट घडली. मुलगा उठला आणि त्यानं माझ्या हातातून ट्रे घेतला. बघायला आलेल्या मुलानं असं करायची रीत नाही. त्याच्या हातात तो ट्रे तिरका झाला, एका बशीतले पोहे दुसऱ्या बशीत गेले, आणि तो ओशाळून हसला. मला तो तिथंच आवडला. लग्न होणार नाही असं धरून चालणारी मी, त्या एका बावळट ट्रेपायी मनातल्या मनात भूमला जाऊन राहिले.

"पायाला काय झालंय पोरीच्या?" मुलाच्या आईनं विचारलं. बाई शांत होत्या. स्वरात काही वाकडं नव्हतं.

बाबा म्हणाले, "जराशी कसर हाय. ल्हानपनी पडली व्हती. आता काय न्हाय, चांगली चालती." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "चालून दाखव, बाळ."

मी चालले. दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. खांदा न टाकता, बारीक पावलं घेत. खोलीत इतकं शांत होतं की मेणबत्तीची वात चरचरलेली ऐकू आली. आणि परत येताना, अर्ध्या खोलीत, मला कळलं. संध्याकाळच्या त्या फेऱ्या, ते डोळे मिटून ऐकणं, आईनं वाकवलेली घागर. रुळवत होते ते बुशाला नव्हे. मी बाबांकडं बघितलं तर ते माझ्या पावलांकडं बघत होते, वर्कशॉपमध्ये एखादा नग पास होतो की नाही बघावं तसं.

मी जाऊन बसले. कडी उचलावी लागते, ती साडीवरूनच उचलली. तीही वाजली नाही. मुलाच्या आईनं आणखी काही विचारलं नाही. जाताना त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. आई आत येऊन म्हणाली, जमलं म्हणून समज. मला रागही येत होता आणि जमावं असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही खरं.

पुढच्या आठवड्यात मामा बाजार उरकून आमच्याकडं आले. पाणी प्यायले, टोपी गुडघ्यावर ठेवली. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते.

"नको म्हनतेत," ते म्हणाले.

"पाय दिसला व्हय त्यांला?" बाबांनी विचारलं.

"पाय ठावच व्हता की त्यांला. म्याच सांगितलं व्हतं. पोलिओ हाय, कॅलिपर हाय, समदं. पोरगा म्हनला, मला चालतंय. म्हनून तर आले."

बाबांनी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुमी मला का न्हाय सांगितलं, की सांगितलंय म्हनून?"

"त्यात काय सांगायचं? तुमी सोता सांगतालच, असं धरून व्हतो म्या." मामांनी टोपी उचलली आणि परत ठेवली. "ती बाई म्हनती, पाय चालंल. पर तसबिरीम्होरं खोटं न बोलायचं शील घेतलं, अन् मेनबत्ती इझायच्या आत खोटं बोलले. उद्या आनखी कशात बोलतील. पोरानं लई समजावलं तिला. ऐकना."

तव्यावरची भाकरी करपली तरी मी हलले नाही. मला कळत होतं की माझ्या आयुष्यात आलेला एक सरळ माणूस दारात येऊन परत गेला, आणि त्याला घालवायला माझा पाय कारणीभूत नव्हता. पाय वाजत आला असता तर जमलं असतं. हे मी तेव्हाही सहन करू शकले नाही आणि आता लिहितानाही होत नाही.

मामा गेल्यावर मी बाहेर आले. "म्हणजे बुश माझ्यासाठी नव्हतेच," मी म्हणाले.

"तुज्यासाठीच व्हते." बाबा जमिनीकडं बघत होते. "तुला तरास व्हायचा, ठावं हाय मला. पर आधी तुजं कसं व्हईल ह्येच डोक्यात."

"मग रोज रुळवत कुणाला होता, बाबा? नायलॉनला की मला?"

ते उठून वर्कशॉपला गेले. त्यांची पाळी नव्हती.

नंतर आईनं लावून धरलं म्हणून बाबा एकटेच भूमला जाऊन आले. चुकलो म्हणून सांगायला. त्यांना चहा मिळाला, मुलाच्या आईनं विचारपूसही केली. मुलाचं दुसरीकडं ठरलं होतं. मुलगा त्यांना एस. टी. स्टँडपर्यंत सोडायला आला आणि गाडी सुटेपर्यंत उभा राहिला, एवढं बाबांनी आईला सांगितलं. मला सांगितलं नाही. मी ते आतल्या खोलीतून ऐकलं आणि उशीत तोंड खुपसून रडले.

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलायचे, पण बघायचे दाराकडं, ताटाकडं, माझ्या हातातल्या वस्तूकडं. मी मास्तरीण झाले, लोहाऱ्याच्या बाजूच्या शाळेत लागले, एस. टी.नं जाऊ-येऊ लागले. आणखी दोन-तीन स्थळं आली. बाबा आता दारातच सांगून टाकायचे, पोलिओ आहे, लोखंडी कॅलिपर आहे, हवं तर काढून दाखवतो. माणसं पाणी पिऊन जायची. एकदा तर बसायच्या आधीच गेली. मग बाबांनी स्थळं बघणं सोडलं.

बुश मी काढले नाहीत. रागात कितीदा मनात आलं, पण वस्तू चांगली होती, पंचाईत तीच होती. शाळेत उभं राहून राहून पाय ठणकत नसे. पातळाला डाग पडत नसे. पट्टे दोनदा बदलले, बूट किती तरी वेळा बदलले, पण नायलॉन झिजलं नाही. रोज सकाळी कडी सारताना बापानं आपल्यासाठी किती चांगलं काम केलं हे कळायचं, आणि आपण आहोत तशा कुणाला चालू, असं त्याच बापाला वाटलं नव्हतं, हेही कळायचं. आवडता माणूस गमावल्याचं दुःख हळूहळू बोथट झालं. हे मात्र बोथट झालं नाही.

गिरणी आजारी पडली आणि बंद झाली, तोवर बाबांच्या छातीत कापूस बसला होता. शेवटचे काही महिने ते खाटेवरच होते. मी दुपारी शाळेतून आले की त्यांच्याजवळ बसायची. आईला तेव्हा डोळ्यांनी कमी दिसत होतं, म्हणून औषध मीच द्यायची. एका दुपारी पेला परत करताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"एक इचारू?" ते म्हणाले. धाप लागत होती. "त्यो भूमचा पोरगा. तुला आवडला व्हता का?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आईनंही नाही. मला वाटत होतं, कुणाला माहीत नाही. त्यांना माहीत असावं, किंवा तेवढंच माहीत नसावं आणि तेवढ्यावर श्वास अडला असावा.

"न्हाय," मी म्हणाले. शाळेत, सहकाऱ्यांत मी पुस्तकी बोलायची. त्या वेळी तोंडातून घरचंच आलं. "मला न्हवता आवडला. कान किती मोठाले व्हते त्याचे."

बाबांना हसू आलं, त्याचा खोकला झाला. मी पाठ चोळली. खोकला थांबल्यावर ते उशीला टेकले.

"मग बरं झालं," ते म्हणाले, आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं.